जुनी स्पोर्टी गाडी घेताय? पाणी कुठे मुरतंय ते आधी शोधा

तक्रार ठरलेली असते. उन्हाळ्यात होंडा सिटी व्हीटेक, लान्सर नाहीतर पॅलिओ १.६ हाती आली, रंग आरशासारखा. जूनला पाऊस लागला. गणपतीच्या सुमारास मागच्या चाकाच्या कमानीवर मोहरीएवढे दोन-चार फोड उठले. दिवाळीत गाडी पुसताना फडक्याबरोबर रंगाचा पापुद्राच निघाला आणि खाली पत्र्याच्या जागी तपकिरी भुगा. मग डेंटर, घासकाम, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), रंग. पुढच्या गणपतीला तेच फोड, त्याच जागी, जरा मोठे.

रंगावरचा फोड हे गंजाचं शेवटचं स्टेशन. गाडी सुटलेली असते आतून, दोन पत्र्यांच्या मधून, कधी चार-पाच वर्षं आधी. या गाड्यांना वेगळी चेसिस नसते. बॉडी म्हणजे दोन-दोन, कुठे तीन पत्रे स्पॉट वेल्डने जोडून केलेल्या पोकळ पेट्या. बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ ते ०.८ मिमी. पेटीत पाणी शिरणार हे कारखान्याला माहीत असतं, म्हणून खाली निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने, रंगाने किंवा अंडरकोटने (गाडीच्या पोटाला मारलेल्या काळ्या कोटिंगने) बुजली की पाणी आतच मुरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जोडात तो फुगला की जोड उकलतो आणि पाण्याला नवी वाट मिळते. वरून घासून लांबी भरली तरी आतली बाजू तशीच राहते. त्यात पॉलिएस्टर लांबी ओल धरून ठेवते, म्हणजे जखमेवर ओलं फडकं बांधल्यासारखंच.

म्हणून तपासताना गंज शोधत फिरू नका. पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर पडायला हवं होतं, या तीन जागा शोधा. गंज तिथे आपोआप सापडतो.

गाडी राहिली कुठे

आपला भाग सातारा-सांगलीचा. पश्चिमेला महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. दोन्हीकडची वीस वर्षांची गाडी सारखी नसते. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि चार महिने धुकं. त्यात गाडीवर प्लास्टिकचं कव्हर टाकून ठेवलं असेल तर आतला ओलावा सुकायला वावच नसतो. दहिवडी किंवा जतची गाडी रंगाने विटलेली आणि रबरं तडकलेली असेल, पण पत्रा बहुतेक शाबूत. दोन्ही सारख्या किमतीला मिळत असतील तर विटक्या रंगाची घ्यावी.

नंबर प्लेटवरून थोडा अंदाज येतो. एमएच-०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०६ रायगड, ०१ ते ०३ मुंबई. समुद्राची हवा खाल्लेल्या या गाड्या. हवेतल्या मिठाचा थर पत्र्यावर बसतो, ओलावा ओढून घेतो आणि ते खारं पाणी गंजाचा वेग वाढवतं. पण राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे एमएच-११ (सातारा) किंवा एमएच-१० (सांगली) बघून निर्धास्त होऊ नका. साताऱ्यात पासिंग झालेली गाडी मालकाच्या नोकरीपायी दहा वर्षं अलिबागला उभी असू शकते. आरसी, जुन्या विमा पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं मागा. बिलावर गावाचं नाव असतं.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट डिकी उघडल्याशिवाय कळत नाही. जुन्या सेडानच्या डिकीतून खताची पोती नेलेली असतात. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाचाच भाऊबंद. द्राक्षपट्ट्यात, तासगाव-कवठेमहांकाळकडे, मोरचूद नेलेला असतो. ओलाव्यात मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि त्याच्या शेजारचा पत्रा झपाट्याने खाल्ला जातो. कुंभार्ली घाट चढून बर्फातली सुरमई आणणारे हौशी असतातच. त्या बर्फाचं पाणीही स्टेपनीच्या खड्ड्यातच उतरतं.

सोबत काय न्यावं

फ्रिजवरचा साधा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून, चांगला टॉर्च, बोथट टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, छोटा आरसा, तीन-चार लांब नायलॉन टाय (वायरी बांधायच्या पट्ट्या), पाण्याची एक लिटरची बाटली, अंथरायला जुनं पोतं. मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर उत्तम. ८ मिमीच्या आतला घ्या म्हणजे निचऱ्याच्या भोकातून जातो. रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून मिळालं तर घ्या, नाही मिळालं तरी अडत नाही.

गाडी सकाळच्या उन्हात, कोरडी आणि न धुतलेली बघा. ‘तुमच्यासाठी धुऊन ठेवतो’ म्हटलं तर नको सांगा. ओल्या पत्र्यावर लांबीची लाट दिसत नाही आणि आतलं पाणी आजचं की महिन्याभराचं हेही कळत नाही.

दाराखालचं सिल

अर्धा वेळ इथे घालवा. चारही दारांखालून जाणारी ही लांब पोकळ पट्टी गाडीचा कणा आहे. बाहेरचं सिल, आतलं सिल, काही गाड्यांत मध्ये तिसरा पत्रा. दारातून, फेंडरच्या मागून, काचेच्या खांबातून उतरलेलं सगळं पाणी शेवटी इथेच येतं.

पोत्यावर आडवे व्हा आणि खालच्या कडेने बोट फिरवा. दर फुटा-दीड फुटावर एखादं भोक किंवा चपटी फट लागायला हवी. लागलीच नाही तर कोणीतरी ती बुजवली आहे, चिखलाने किंवा ब्रशने. सापडलेल्या भोकात नायलॉन टाय चार-पाच इंच सरकवा, फिरवा, बाहेर काढा. टोकाला फिकी कोरडी धूळ आली तर ठीक. चॉकलेटी ओलसर पूड आली, किंवा भोकातून चहापत्तीसारखे चपटे कण पोत्यावर पडले, तर आतला पत्रा पापुद्रे टाकतोय. बाहेरचा रंग कितीही झळकत असू दे, त्या सिलचा हिशेब नवीन सिल असाच धरा.

मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणतो. लांबी भरलेली जागा बद्द वाजते. गंजलेला पत्रा खरखरतो, कारण आतले पापुद्रे हलतात. जॅक लावायच्या जागेवर, जिथे दोन पत्र्यांची कड खाली उतरते, ती कड सरळ आहे की चेपून दुमडली आहे ते बघा. चेपलेल्या कडेवरचं सीलर (जोडावर भरलेला रबरासारखा लेप) तुटतं आणि पाणी तिथूनच वर चढतं.

शेवटची परीक्षा जॅकवर. मालकाला विचारून पुढच्या जॅक पॉईंटवर ती बाजू उचला आणि दार उघडून-लावून बघा. उचलल्यावर दार अडकायला लागलं किंवा फट वर-खाली झाली तर सिलमध्ये जोर उरलेला नाही. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, घोडे (खालून टेकू देणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय तर नाहीच.

मागच्या चाकाची कमान

जुन्या सिटीत, लान्सरमध्ये पहिला फोड इथेच दिसतो. बाहेरचा आणि आतला पत्रा जिथे मिळून कड आत वळते, त्या ओठावर चिखल साचतो. कृष्णाकाठची काळी माती यात सगळ्यात वाईट. लाल माती सुकून गळून पडते, काळी आठवडाभर ओल धरते. चाकाच्या वर हात घालून ओठाची आतली बाजू चाचपा. कड एकसंध आणि धारदार लागली पाहिजे. जाड, गोल, मऊसर लागली तर तिथे लांबी किंवा सीलर थापलं आहे. रुंद टायर घातलेल्या गाडीत कधी कधी टायर घासू नये म्हणून ही कड हातोडीने चपटी केलेली असते. तिथलं सीलर तडकलेलं असतंच.

हा पत्रा बोल्टने बसवलेला नसतो. पुढचं फेंडर खोलून दुसरं लावता येतं, मागची कमान कापून वेल्ड करावी लागते. भाव करताना हा फरक लक्षात ठेवा.

वायपरखालची जाळी आणि बाटलीची परीक्षा

बॉनेट उघडा आणि काचेखालच्या प्लास्टिकच्या जाळीत टॉर्च मारा. गाडी आंब्याखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहत असेल तर खाली पाल्याचं खत झालेलं दिसेल. मग पुढचं दार पूर्ण उघडा आणि फेंडर व बिजागरीचा खांब यांमधल्या फटीत पाहा. तोच पाला तिथे खाली बसलेला असतो आणि मागे सिलचं तोंड खात असतो.

आता पुढच्या दोन्ही बाजूंचे गालिचे उचलून ठेवा. बाटलीतलं निम्मं पाणी जाळीच्या उजव्या टोकाला, निम्मं डाव्या टोकाला सावकाश ओता. ब्लोअरच्या तोंडावर ओतू नका. बहुतेक गाड्यांत ते डाव्या अंगाला असतं. पाणी काही सेकंदांत पुढच्या चाकामागून जमिनीवर पडायला हवं. रेंगाळून थेंब-थेंब आलं तर वाट तुंबली आहे. बाहेर आलंच नाही आणि पायाशी ओल दिसली तर जाळीखालचा पत्रा फुटलाय. तो डॅशबोर्डच्या मागे असल्याने दुरुस्तीला अख्खा डॅश उतरवावा लागतो. एवढ्यासाठी परत फिरलात तरी चालेल.

फ्लोअर

गालिचा वरून कोरडा असतो, कारण तो उन्हात घातलेला असतो. खालचा फोम दोन बोटांत दाबा. डाव्या बाजूला पुढे फक्त ओल असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असू शकते; ते काम किरकोळ, पण नळी किती वर्षं तुंबली होती हे खालचा पत्राच सांगेल. फ्लोअरमधली रबरी बुचं जागेवर आहेत का बघा. वरून नवी रेक्झिनची मॅट चिकटवलेली असेल आणि मालक ती उचलू देत नसेल, तर तिथेच उत्तर मिळालं.

डिकी, दारं, काच

स्टेपनी बाहेर काढा. खड्ड्यात पाण्याची रेघ, पांढरी पूड किंवा हिरवट डाग दिसले तर वर सांगितलेलं खत-मोरचूद आठवा. पाणी बहुतेक टेल लॅम्पच्या गॅस्केटमधून किंवा डिकीच्या रबरातून येतं. मागच्या पॅनलला एका बाजूला सीलरची रेघ कारखान्यासारखी एकसारखी आणि दुसऱ्या बाजूला बोटाने फासलेली असेल तर मागून ठोकर बसली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्यावरचा झिंक जळतो, म्हणून ऑक्टाव्हिया आरएससारख्या झिंकचा थर असलेल्या गाडीतही गंज आधी ठोकलेल्या जागी धरतो.

दारांच्या खालच्या कडेला भोकं मोकळी हवीत. दार हलवल्यावर आत पाणी डचमळलं तर हसू नका, असं सर्रास असतं. सनरूफ असेल तर चारही कोपऱ्यांच्या नळ्यांत थोडं-थोडं पाणी सोडून ते चाकांपाशी उतरतं का बघा.

पुढची काच बदललेली असेल तर रबराच्या कडेने नखाने दाबत जा. जुनी काच कापताना सुरी पत्र्यावर ओढली जाते, रंग खरवडतो आणि नव्या सीलरखाली गंज गुपचूप वाढतो. छताच्या पुढच्या कडेला एक फोड दिसला तर काचेखाली दहा असतात.

शॉकअपचे टॉवर, सबफ्रेम आणि खालचा भाग

इथे तडजोड नाही. बॉनेटखाली शॉकअप ज्या घुमटात वर येतो त्याच्या नटांभोवती बारीक तडा, फुगलेला जोड किंवा ताजा सीलर दिसला तर गाडी सोडा. कडक स्प्रिंग टाकून खाली बसवलेल्या गाडीत प्रत्येक खड्ड्याचा मार थेट इथे बसतो. बॅटरीखालचा ट्रे याच भागात. आम्ल सांडून तो खाल्ला गेला असेल तर गंज कुठपर्यंत उतरलाय ते ट्रे काढून बघा.

खालून बघायला वॉशिंग सेंटरचा रॅम्प किंवा लिफ्ट गाठा. लोअर आर्म, एक्झॉस्ट, सबफ्रेमच्या (इंजिन आणि चाकांचे आर्म धरणाऱ्या चौकटीच्या) जाड लोखंडावर वरवरची तांबूस छटा असणारच, तिला घाबरू नका. सबफ्रेम जिथे बॉडीला बोल्टने बसते, मागचे आर्म जिथे टेकतात आणि इंजिनखालून मागे जाणारे बॉडीचेच पोकळ दांडे, ज्यांना चेसिस मेंबर म्हणतात, या तिन्ही ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. भोसकायची गरज नाही, अंगठ्याचा जोर पुरतो. पत्रा लवला तर पुढे बघण्यासारखं काही उरत नाही. ब्रेकचे लोखंडी पाईप क्लिपांपाशी आणि टाकीच्या वर खवले धरतात. फडक्याने पुसल्यावर खड्डे दिसले तर ते बदलायचेच, आणि गाडी घरी नेण्याआधी.

खालून सगळी गाडी ताज्या काळ्या कोटिंगने माखलेली असेल तर ‘आत्ताच काम केलंय, आता दहा वर्षं बघायला नको’ हे वाक्य ऐकू येईल. विचारा, कोट मारायच्या आधीचे फोटो आहेत का. गंजावर मारलेला कोट पत्र्यापासून सुटतो आणि त्याच्या मागे पाणी पिशवीसारखं धरून ठेवतो. कोट दाबून बघा. पोकळ आवाज आला किंवा फुग्यासारखा दबला तर खाली काय आहे ते गृहीत धरा.

रॅम्पवर आहातच तर आता मालकाच्या परवानगीने गाडी खालून धुऊन घ्या. धुतल्यावर अर्धा तास थांबा आणि सिलच्या भोकांतून गळणारं पाणी तळहातावर घ्या. सुरुवातीला मातकट आणि नंतर स्वच्छ आलं तर पेटी वाहती आहे. शेवटपर्यंत तपकिरी येत राहिलं तर आत गंज आहे. एका बाजूने गळतंय आणि दुसरीने थेंबही नाही, तर ती दुसरी बाजू तुंबलेली आहे. टायची परीक्षा तिथे पुन्हा करा.

लांबी ओळखायची कशी

छताच्या मधोमध चुंबक लावून त्याची पकड हाताला ओळखीची करून घ्या. छताला सहसा कोणी हात लावत नाही. मग तोच चुंबक कमानी, सिल, दारांची खालची सहा इंचं यांवरून फिरवा. पकड ढिली झाली तर लांबी, अजिबात धरली नाही तर भोकावर फायबर मॅट. मीटर असेल तर कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन, परत रंगवलेला २०० ते ३५०, आणि ५०० च्या पुढे गेलात की लांबी. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे चुंबक लावून घाबरणारे भेटतात. सॅन स्टॉर्म ही दोन सीटची छोटी गाडी मिळालीच तर तिची अख्खी बॉडी फायबरची, चुंबक घरी ठेवा आणि सगळा वेळ खालच्या लोखंडी चेसिसवर घालवा.

पुरातली गाडी

२००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी सांगलीत कृष्णेचं पाणी वस्तीत आलं. जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडही बुडालं. तिथल्या गाड्या आजही फिरताहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीतल्या भागावर मातीची आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. सीटखालच्या स्प्रिंगा, सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशखालच्या पट्ट्या आणि हेडलाइटच्या आतला तळ बघा. पुराचा गाळ सिलच्या वरच्या भागातही जाऊन बसतो, त्यामुळे भोकं मोकळी असली तरी आतून गंज चालू राहतो. रेघ सापडली तर किंमत निम्मी केली तरी घेऊ नका.

घ्यायची की सोडायची

बोल्टने बसणारे भाग, म्हणजे पुढचं फेंडर, बॉनेट, दार, डिकीचं झाकण, गंजलेले असले तरी गाडी सोडायचं कारण नाही. चांगला भाग भंगारातून मिळतो, भावात तेवढं कमी करा. कमान आणि बाहेरचं सिल हे भावाचे मुद्दे, पण डेंटरचा आकडा हातात घेऊनच बोला. आतलं सिल, टॉवर, सबफ्रेमच्या जागा, काचेच्या खांबाचं बूड यांतलं एकही गेलं असेल तर नको. पंधरा वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. आरसीची मुदत किती उरली तेही याच वेळी बघा.

दुरुस्ती करायचीच असेल तर डेंटरशी आधी स्पष्ट बोला. गंजाच्या पुढे निदान इंचभर, चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापायचं. मूळ पत्र्याच्याच जाडीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा. ज्योतीचं गॅस वेल्डिंग नव्हे, तारेचं सीओटू (मिग) वेल्डिंग. गॅसच्या उष्णतेने पत्रा वाकतो आणि मागचं सगळं संरक्षण जळतं. वेल्डच्या आधी जोडाच्या आतल्या बाजूंना झिंक प्रायमर, जोडाच्या कडेला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून दर इंचाला एक टाका, नंतर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीलर. जुन्या पत्र्यावर नवी पट्टी चिकटवणं म्हणजे दुरुस्ती नाही, आणि दोन्ही सिल एका दिवसात करून देतो म्हणणारा नेमकं तेच करणार आहे. गाडीला हात लावायच्या आधी दारं लावून फटी मोजा आणि सिल कापताना आतून आधार द्यायला सांगा, नाहीतर गाडी बसते.

आतल्या बाजूला कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं मेणासारखं गंजरोधक) हवंच, नाहीतर वरचं सगळं काम दोन पावसाळ्यांचं. जळकं ऑईल ओतायची जुनी पद्धत आहे, पण त्याने रबरी बुचं आणि बीडिंग फुगतं आणि वर्षभर अंगणात डाग पडतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी दोन-तीन दिवस दारं उघडी ठेवून वाळवा, मग लांब नळीच्या नोझलने एका सिलला पाव ते अर्धा लिटर वॅक्स मारा, खालच्या भोकांतून गळायला लागेपर्यंत. सुटे काढलेले बोल्ट, ब्रॅकेट मात्र साखर कारखान्याच्या मळीत (मोलॅसिसमध्ये) टाकायला हरकत नाही: एक भाग मळी, दहा भाग पाणी, आठवडा ते तीन आठवडे, आणि फक्त लोखंडी वस्तू. वास सहन करावा लागतो, तो आपल्याकडे नवा नाही.

वॅक्स मारल्यावर दुसऱ्या दिवशी नायलॉन टाय घेऊन प्रत्येक भोक पुन्हा मोकळं करा. वॅक्स घट्ट झालं की त्यानेही भोकं बुजतात.